आजीसाठी गेम निवडताना

नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, हे आपल्या जिल्ह्यात शाळकरी पोरालाही माहीत असतं. सापशिडीचा मूळ अवतार मानला जाणारा ‘मोक्षपट’ही परंपरेने ज्ञानेश्वरांच्याच नावाशी जोडला आहे, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. सद्गुणांच्या शिडीने वर जायचं, दुर्गुणांच्या सापाने खाली यायचं आणि शेवटी मोक्षाच्या घरात पोहोचायचं, असा तो पट. म्हणजे खेळ हे लहान मुलांचंच काम, ही समजूत आपली नव्हेच. पारावर मेंढीकोटाचा डाव मांडणारे आजोबा आणि मंगळागौरीला रात्र जागवणाऱ्या आज्या आपण पाहिल्या आहेत. तोच पट मोबाईलच्या काचेवर आला की मात्र ‘या वयात कसले गेम?’ असं लगेच ऐकू येतं.

प्रश्न वाटतो तितका हलका नाही. संगमनेर, पारनेर, कोपरगावकडची कितीतरी घरं अशी आहेत की मुलं पुण्याला नाहीतर चाकणला नोकरीला आणि घरी दोन म्हातारी माणसं. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या गावांतून दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि मागे राहतात ते आजी-आजोबा आणि शाळेतली नातवंडं. गुडघे धरलेले, डोळ्यांत मोतीबिंदू, दुपार संपता संपत नाही. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली, त्यांत एकाकीपणा आहे, कमी ऐकू येणं आहे आणि उपचार न केलेली अधू नजरही आहे. भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोक स्मृतिभ्रंशासह जगत असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला आहे.

मग गेम खेळल्याने बुद्धी तल्लख राहते का? इथे थोडं सावध राहायला हवं.

२०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या अ‍ॅडम गॅझली यांच्या गटाने ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ६० ते ८५ वयाच्या लोकांना त्यांनी ‘न्यूरोरेसर’ नावाचा गेम दिला. वळणाच्या रस्त्यावर गाडी सांभाळायची आणि ठरावीक रंगाची खूण दिसली की बटण दाबायचं, अशी दुहेरी कसरत. महिनाभरात १२ तास खेळल्यावर ही मंडळी, सराव न केलेल्या विशीतल्या मुलांपेक्षाही त्या कसरतीत सरस ठरली आणि सहा महिन्यांनीही फरक टिकून होता. २०१७ मध्ये माँट्रियलच्या संशोधकांनी ५५ ते ७५ वयोगटातल्या काहींना सहा महिने ‘सुपर मारिओ ६४’ खेळायला दिला आणि काहींना पियानो शिकवला. मारिओवाल्यांच्या मेंदूत स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पस या भागात वाढ दिसली. त्या अभ्यासात माणसं मात्र मोजकी, ३३ होती. २०२० मधल्या आणखी एका अभ्यासात मारिओ किंवा ‘अँग्री बर्ड्स’ चार आठवडे खेळणाऱ्या ज्येष्ठांची स्मरणचाचणीतली कामगिरी सुधारली, पत्त्यांचा सॉलिटेअर खेळणाऱ्यांची तशी सुधारली नाही. नवी जागा, नवे नियम यांना मेंदू प्रतिसाद देतो, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आता दुसरी बाजू. ‘मेंदूचा व्यायाम’ म्हणून गेम विकणाऱ्या ‘ल्युमोसिटी’च्या कंपनीला जानेवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले, कारण म्हातारपणातला विसरभोळेपणा लांबवण्याच्या जाहिराती तिने पुराव्याशिवाय केल्या होत्या. एखादा गेम खेळून माणूस बहुधा त्या गेममध्येच तरबेज होतो, रोजच्या आयुष्यात त्याचा किती उपयोग होतो हे अजून भांडणाचं आहे. त्यामुळे स्मृतिभ्रंश टाळण्यासाठी म्हणून कुणी महागडं अ‍ॅप गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. आजीला मजा येते, वेळ जातो, नातवाशी बोलायला विषय मिळतो, एवढं कारण पुरेसं आहे. माझ्या मते तेच सगळ्यात भक्कम कारण आहे.

निवड करताना अ‍ॅप स्टोअर उघडण्याआधी आजीला विचारा, ‘तुम्ही लहानपणी काय खेळायचा?’ कुणी सोंगट्या सांगेल, कुणी बदाम सात, कुणी नवकंकरी. पेशन्स लावणाऱ्या आजोबांना सॉलिटेअर शिकवावाच लागत नाही, पत्ता कसा सरकवायचा तेवढं दाखवलं की झालं. सोंगट्या खेळलेल्या आजीला लुडो पाच मिनिटांत कळतो, कारण दोन्हींचं मूळ पचिशीतच आहे. कॅरमची सवय असलेल्याला मोबाईलवरचा कॅरम आवडेल असं वाटतं, पण तिथे बोटाने नेम धरून ओढायचं असतं आणि हात कापत असेल तर तोच खेळ छळतो. शब्दकोडं रोज सोडवणाऱ्यांना शब्दांचे खेळ द्यावेत, मात्र मराठीतले. इंग्रजी पाट्यांनी भरलेला गेम मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला पहिल्याच पडद्यावर परका करतो. सूचना वाचाव्याच लागत नाहीत, असा चित्रांचा गेम त्यापेक्षा बरा: जिगसॉ, जोड्या लावणे, एकसारखे तीन रंग जुळवणे.

वेळेचं बंधन असलेला गेम सहसा टाळा. वयाबरोबर प्रतिक्रियेचा वेग कमी होतो, विचार करण्याची कुवत त्याच मापाने कमी होत नाही. घड्याळ लावलं की ही दोन्ही एकत्र मोजली जातात आणि माणूस उगाच हरतो. १९८४ मध्ये अलेक्सी पाजितनोव यांनी बनवलेला ‘टेट्रिस’ समजायला अगदी सोपा आहे, पण विटा जसजशा वेगाने पडू लागतात तसतशी धांदल उडते. ‘कँडी क्रश’मध्ये बहुतेक डावांना घड्याळ नसतं, पण पाच ‘जीव’ संपले की एकेक जीव परत मिळायला अर्धा तास थांबावं लागतं आणि त्या थांबण्याच्या जागीच खरेदीचं बटण असतं. ते बटण आजीला ‘पुढे जा’ असंच वाटतं.

आता हातांकडे येऊ. ‘आजीचं बोट मोबाईलवर चालतच नाही’ ही तक्रार घरोघरी आहे आणि तिला भौतिकशास्त्राचं कारण आहे. टचस्क्रीनच्या काचेखाली एक सूक्ष्म विद्युत क्षेत्र असतं. बोट टेकलं की त्वचेतल्या ओलाव्यामुळे ते क्षेत्र किंचित बदलतं आणि तेवढ्यावरून मोबाईल स्पर्श ओळखतो. वयाने त्वचा कोरडी होते. आयुष्यभर खुरपं धरलेल्या, धारा काढलेल्या बोटांना घट्टे पडलेले असतात. क्षेत्र पुरेसं बदलत नाही. मग माणूस जास्त जोर लावतो, जास्त वेळ दाबून ठेवतो. जोर लावून उपयोग नसतो, उलट दाबून ठेवण्याचा अर्थ मोबाईल वेगळाच घेतो आणि भलतीच यादी उघडतो. आजी म्हणते, ‘मी काही बिघडवलं का रे?’ आणि मोबाईल खाली ठेवते. पुष्कळांचा गेम तिथेच संपतो.

उपाय साधे आहेत. खेळण्याआधी हाताला थोडं खोबरेल किंवा क्रीम चोळून पुसून घ्यावं. काचेवरचा जाड संरक्षक थर काढावा किंवा सेटिंगमध्ये स्पर्शाची संवेदनशीलता वाढवण्याची सोय असेल तर ती चालू करावी. अँड्रॉइडच्या ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’मध्ये ‘टच अँड होल्ड डिले’ नावाची सोय आहे, ती ‘लाँग’वर ठेवली की दाबून धरल्याचा घोटाळा कमी होतो. रबरी टोकाची पेन्सिल, म्हणजे स्टायलस, काहींना बोटापेक्षा बरी वाटते. आणि शक्य असेल तर मोबाईलऐवजी टॅब, मांडीवर नव्हे तर उशीच्या किंवा स्टँडच्या आधाराने तिरका ठेवलेला. मान खाली घालून तासभर बसलं की रात्री मानच बोलते.

डोळ्यांचं गणितही समजून घ्या. बाहुली आकसते, भिंग पिवळसर होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. निळा आणि हिरवा यांतला फरक मावळतो. म्हणून केवळ रंगांवर चालणाऱ्या गेमपेक्षा रंगाबरोबर आकारही वेगळा असणारा गेम निवडावा. पत्त्यांच्या गेममध्ये मोठ्या आकड्यांचे पत्ते निवडता येतात, ते निवडावेत. खिडकीकडे पाठ करून बसलं की काचेवर उजेड चमकतो, त्यापेक्षा खिडकी बाजूला असावी. थ्रीडी गेममध्ये पडदा गरगर फिरतो आणि अनेकांना मळमळतं, चक्कर येते. मारिओवर प्रयोग झाले म्हणून आजोबांना लगेच तोच द्यायची घाई नको. वाचायचा चष्मा जुना झाला असेल तर आधी नेत्रतपासणी, मग गेम. उभं राहून हातवारे करत खेळायच्या गेमबद्दल एवढंच: तोल जात असेल तर शेजारी कुणीतरी हवं आणि मागे खुर्ची हवी.

जाहिराती हा फुकट गेमचा खरा भाव. डाव रंगात आला की मध्येच जाहिरात, बंद करायची फुली मोहरीएवढी, तीही कोपऱ्यात. बोट चुकलं की दुसरंच अ‍ॅप उतरवायचं पान उघडतं. एकट्याने खेळायचा गेम असेल तर इंटरनेट बंद करून खेळायला द्या, बहुतेक जाहिराती गायब होतात. एकदाच थोडे पैसे भरून जाहिराती काढता येत असतील तर तो खर्च खुशाल करा, मिठाईच्या पुड्यापेक्षा जास्त दिवस पुरेल. अँड्रॉइडमध्ये ‘अ‍ॅप पिनिंग’ आणि आयफोनमध्ये ‘गाइडेड अ‍ॅक्सेस’ चालू केलं की चुकून बोट लागून गेमबाहेर जाणं थांबतं. त्या मोबाईलच्या स्टोअरला कार्ड किंवा यूपीआय जोडू नका आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल असं ठेवा.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला. तरी ‘रमी खेळा, बक्षीस मिळवा’ असे संदेश येतच राहिले, तर घरात स्पष्ट सांगून ठेवा: खेळ जिंकल्यावर पैसे देतो म्हणाला की तो खेळ नव्हे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे.

‘आमच्या आजीला काय जमणार’ म्हणणाऱ्यांनी जामखेडकडे बघावं. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला आणि गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांतल्या अनेकींनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. त्या गर्भवतीची तपासणी शिकल्या, रक्तदाब मोजायला शिकल्या. शिकवणाऱ्याने घाई केली नाही, हे त्यातलं गमक. नातवंडं इथेच चुकतात. ‘दे इकडे, मी करतो’ म्हणत मोबाईल हातातून घेतात आणि चार वेळा टकटक करून परत देतात. आजीने काय पाहिलं? काहीच नाही. आपला हात पाठीमागे ठेवा, एका बैठकीत एकच गोष्ट शिकवा आणि गेम उघडायचं चित्र पहिल्या पडद्यावर एकटंच मोठं ठेवा. ‘लुडो किंग’सारख्या गेममध्ये एकाच मोबाईलवर चौघांना इंटरनेटशिवाय खेळता येतं आणि पुण्यातल्या नातीशी खोलीचा क्रमांक देऊन दुरूनही डाव मांडता येतो. रविवारी सात वाजता डाव ठरलेला असेल तर आजी सहापासून चष्मा पुसून बसते. त्यातच सापशिडीही आहे, मोक्षाचं घर तेवढं नाही.

वीस-पंचवीस मिनिटं झाली की उठून घरात फेरी मारावी, मधुमेह किंवा पायांना सूज असेल तर हे विसरू नये. झोपण्याआधीचा तास गेमला देऊ नये. गेमपायी संध्याकाळचं फिरणं किंवा देवळातलं भजन सुटत असेल तर वेळ कमी करा.

ज्यांना स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आहे त्यांना हार-जीत, गुण, पातळ्या असलेले गेम देऊ नयेत. मोजक्या मोठ्या तुकड्यांचं चित्र जुळवणं, ओळखीच्या फळांच्या जोड्या, असं काही चालतं. तेही कुणीतरी शेजारी बसून. कंटाळा आला किंवा चिडचिड दिसली की तिथेच थांबावं.

आणि गेम शेजारी बसून पाहणाऱ्याला एक गोष्ट दिसते, जी एरवी दिसत नाही. वर्षभर सॉलिटेअर सहज लावणारे आजोबा काळ्यावर लाल पत्ता ठेवायचा हेच विसरू लागले, किंवा लुडोत आपला रंग कोणता हे आजी पुन्हा पुन्हा विचारू लागली, तर ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, एखाद्या गोळीचा परिणाम, अशी उपचाराने सुधारणारी कारणंही त्यामागे असू शकतात. नगरचं जिल्हा रुग्णालय असो किंवा लोणीचं प्रवरा रुग्णालय, जिथे जाल तिथे डॉक्टरांना नेमकं सांगा: आधी कोणता डाव जमत होता, कोणत्या पायरीवर अडतं आणि हे कधीपासून. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या.