पेटीबंद चाप

अमेरिकेत घरी जुळवलेली रायफल म्हटली, की ती बहुधा ए.आर.-१५ या घराण्यातलीच असते, आणि त्याचे कारण या रायफलीच्या रचनेत जितके आहे तितकेच तिथल्या कायद्यातही आहे. आर्मालाइट या कंपनीत यूजीन स्टोनर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात आखलेली ही रायफल १९५९ मध्ये कोल्ट कंपनीकडे गेली, पुढे एम-१६ या नावाने सैन्यात पोहोचली, आणि १९६४ पासून तिची नागरी आवृत्ती दुकानांत मिळू लागली. मूळ पेटंटांची मुदत १९७७ मध्ये संपल्यावर अनेक कारखान्यांनी तेच माप धरून सुटे भाग घडवायला घेतले, त्यामुळे एकाची नळी, दुसऱ्याचा दस्ता आणि तिसऱ्याचा चाप एकत्र आणून चालू रायफल उभी करता येऊ लागली. १९६८ च्या संघीय कायद्यान्वये या रायफलीचा ‘लोअर रिसीव्हर’, म्हणजे चाप व मॅगझिन सामावून घेणारा खालचा ॲल्युमिनियमचा सांगाडा, हाच शस्त्र मानला जातो. अनुक्रमांक त्याच्यावर कोरलेला असतो आणि दुकानातून घेताना नोंद त्याची होते, बाकीचे भाग मात्र सर्वसाधारणपणे कोणत्याही यंत्राच्या सुट्या भागांसारखे घरपोच मिळतात. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क यांसारख्या राज्यांनी यावर अधिक कडक बंधने घातली आहेत. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्यावाचून शस्त्र बनवणे हा गुन्हाच असल्यामुळे या छंदाला इकडे समांतर असे काही नाही.

लोअर रिसीव्हरच्या पोटात बसणारी चापाची यंत्रणा वरवर पाहता अगदी साधी आहे. बोटाने ओढायचा चाप, गोळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या फायरिंग पिनवर आदळणारी हातोडी, या दोघांमधला डिस्कनेक्टर नावाचा आकडा, तीन स्प्रिंगा आणि सुमारे ३.९ मिलिमीटर जाडीच्या दोन आडव्या पिना, एवढाच तिचा ऐवज. हातोडी ताणलेल्या अवस्थेत चापाच्या पुढच्या नाकावर अडकून राहते, आणि पोलादाच्या या दोन कडा जिथे एकमेकींना भिडतात त्या जागेला ‘सिअर’ म्हणतात. चाप ओढला की नाक हातोडीच्या खाचेतून सरकते, हातोडी सुटते आणि बार उडतो. त्या बाराच्या वायूने बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता भाग, मागे येऊन हातोडीला पुन्हा खाली दाबतो, पण नेमबाजाचे बोट अजून चापावरच असल्यामुळे तिला डिस्कनेक्टरचा आकडा धरून ठेवतो, आणि बोट सैल होताच ती पुन्हा चापाच्या नाकावर सोपवतो. एका ओढीला एकच गोळी, ही अर्धस्वयंचलित शस्त्राची मर्यादा या देवाणघेवाणीवर उभी आहे.

ही देवाणघेवाण किती सुबकपणे होते यावर चापाची प्रत ठरते. सैन्याच्या मोजमापात चाप सुटण्यास साधारण अडीच ते सव्वाचार किलोंचा जोर लागावा असे अपेक्षित असते. धावपळीत, हातमोजे घालून, थंडीत किंवा भीतीत शस्त्र चुकून सुटू नये यासाठी तो मुद्दामच जड ठेवलेला आहे. नेमबाजीच्या स्पर्धेत मात्र तोच जडपणा आड येतो, कारण चाप सुटेपर्यंत बोट खरखरीत सरकत राहिले की नळीचे तोंड हलते. महाराष्ट्राला या नाजूकपणाची जाण आहे ती ऑलिंपिक नेमबाजीमुळे: कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातल्या रायफलींचे चाप काही ग्रॅमांच्या भाषेत जुळवले जातात. अशा रायफली मुळातच या कामासाठी घडलेल्या असतात, ए.आर.-१५ चा चाप सैनिकाच्या बोटासाठी आहे, आणि त्याच्याकडून स्पर्धेची अपेक्षा करणे हाच मुळात उफराटा हट्ट आहे.

तो हट्ट पुरा करण्याचा जुना मार्ग म्हणजे सिअरच्या कडा सहाणेवर घासणे. कसबी बंदूक-कारागीर कोन न बिघडवता त्या कडा गुळगुळीत करत असे. पण या भागांच्या पृष्ठभागावरचा कडक थर फार पातळ असतो, आणि हौशी हाताने तो खरवडला की खालचे मऊ पोलाद उघडे पडून झिजू लागते. मग एखाद्या दिवशी हातोडी नाकावर टिकत नाही आणि एका ओढीला दोन गोळ्या जातात. चाप हलका करण्याच्या या खटपटीत रायफल धोकादायक झाली, हे ती उडेपर्यंत कळत नाही, आणि हेच या कामातले खरे भय होते.

या अडचणीवरचा तोडगा म्हणजे पेटीबंद किंवा ‘ड्रॉप-इन’ चाप. चिप मॅककॉर्मिक या स्पर्धा-नेमबाजाने २००० नंतरच्या दशकात अशा एकसंध यंत्रणेचे पेटंट घेतले. टिम्नी आणि ट्रिगरटेक या कंपन्यांनीही आपापल्या पेट्या बाजारात आणल्या. चाप, हातोडी, डिस्कनेक्टर व स्प्रिंगा एका छोट्या धातूच्या चौकटीत कारखान्यातच जुळवून, सिअरची पकड ठरवून ती पेटी ग्राहकाच्या हाती देतात, आणि ओढ बहुधा दीड-पावणेदोन किलोंच्या आसपास ठेवतात. सहाणेवरचे कौशल्य यात नाहीसे झालेले नाही. ते कारागिराच्या बोटांतून निघून कारखान्यातल्या यंत्राच्या अचूकतेत गेले आहे, आणि घरी रायफल ‘बांधणाऱ्या’ माणसाकडे जुळणीचे काम तेवढे उरले आहे. हे मान्य करायला छंदिष्ट कचरतात, पण त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

बसवण्याचे काम खरोखर छोटे आहे. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून तिचे वरचे व खालचे अंग वेगळे करायचे, जुन्या चापाच्या दोन पिना ठोकून काढायच्या, हातोडीची स्प्रिंग जोरदार असल्यामुळे ती बोटाखाली दाबून धरायची, पेटी जागी ठेवायची आणि भोके जुळवून पिना परत घालायच्या. अडचण बहुतेक वेळा सेफ्टीच्या खटक्यापाशी येते. त्याची लहानशी स्प्रिंग चापामागच्या मुठीने दाबलेली असते, आणि पेटीला वाट करून देण्यासाठी खटका काढायला म्हणून मूठ सोडवताच ती टुणकन उडून कपाटाखाली जाते. दुसरी गोष्ट पिनांची: मूळ यंत्रणेत हातोडीच्या स्प्रिंगचे पाय चापाच्या पिनेतील खाचेत रुतून तिला सरकू देत नाहीत, पेटीत ही सोय नसते, म्हणून काही पेट्यांच्या तळाला बारीक स्क्रू दिलेले असतात, जे रिसीव्हरच्या तळाला टेकून पेटी वर रेटतात आणि पिना जाम करतात.

तपासणी मात्र टाळता येत नाही. रिकाम्या रायफलीत चाप ओढल्यावर हातोडी पडली पाहिजे. चाप दाबून धरून बोल्ट मागे ओढला तर ती डिस्कनेक्टरवर थांबली पाहिजे. बोट सैल करताना टक असा आवाज होऊन ती चापाकडे परत गेली पाहिजे. आणि सेफ्टी लावल्यावर कितीही जोर दिला तरी पडता कामा नये. वरचे अंग जोडल्याशिवाय हातोडी मोकळी सोडू नये, कारण ती रिसीव्हरच्या पुढच्या भागावर आदळून त्याला इजा करते.

चापाची ही एवढीशी यंत्रणा एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात चित्रांसह छापली गेली. १९३४ च्या कायद्यात मशीनगनची व्याख्या चापाच्या ‘एकाच क्रियेने’ एकाहून अधिक गोळ्या झाडणारे शस्त्र अशी आहे. २०१७ च्या लास वेगासमधील हत्याकांडात बंप स्टॉक ही, धक्क्याने रायफल मागेपुढे सरकवून स्थिर बोटावर चाप झपाट्याने आपटवणारी जोडणी वापरली गेल्यानंतर सरकारने तिला मशीनगन ठरवून बंदी घातली होती. जून २०२४ मध्ये न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती उठवली. बंप स्टॉकमध्येही प्रत्येक गोळीसाठी चाप सुटून पुन्हा ओढला जातो, हे बहुमताने हातोडी व डिस्कनेक्टरच्या आकृत्यांवरून मांडले, तर अल्पमतातील न्यायमूर्तींनी बोटाची एकच सुरुवातीची हालचाल मोजायला हवी असे म्हटले.