फूटभर दोऱ्याचे अंतर

“किती हो लांब आहे न्यूयॉर्क?” मुलाला विमानतळावर पोचवून आम्ही घरी परतलो आणि पायांतल्या चपलाही न काढता आमच्या सौ.ने विचारले.

“साडेबारा हजार किलोमीटर,” मी म्हणालो. जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे आकडा जिभेवर तयार होता. पण आकड्याने कुठल्या आईचे समाधान झाले आहे?

मग मी कपाटावरचा बारा इंची पृथ्वीगोल काढला. तिने विणकामाच्या टोपलीतला दोरा आणला. मुंबईवर तिचे बोट, न्यूयॉर्कवर माझे. दोरा ताणला मात्र, ती म्हणाली, “चुकलात! हा तर वर चाललाय. अमेरिका पश्चिमेला ना?”

वाचकहो, चूक नव्हती. भिंतीवरच्या सपाट नकाशाने आपणा सर्वांनाच फसवले आहे. पृथ्वीगोलावर जवळची वाट तीच, जी ताणलेला दोरा दाखवतो. तो मुंबईहून सिंध, अफगाणिस्तान करीत व्होल्गा नदी ओलांडतो, फिनलंडवरून आइसलंडला शिवतो, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून लाब्राडोरला येतो आणि मग खाली उतरतो. मोजला, तर जेमतेम एक फूट! तेवढा तुकडा तिने कापून टोपलीत जपून ठेवला.

विमाने मात्र दोऱ्यावरून जात नाहीत. ८ जून १९४८ रोजी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे पहिले विमान कैरो आणि जिनीव्हाला थांबत गेले. १९६० मध्ये बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागले, तेही लंडनमार्गेच. पुढे मधे न उतरता जाणारी विमाने आली, तर आकाशालाच कुंपणे पडली. २०२२ मध्ये रशियाने आपले आकाश अमेरिकन विमानांना बंद केले, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना. म्हणजे पुन्हा वळसा आलाच. त्यातल्या त्यात एक सोय आहे : उंचावरचे जोराचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, म्हणून जाण्यापेक्षा येण्याला वेळ कमी लागतो. हे ऐकून सौ. म्हणाली होती, “बरेच आहे की. निघताना रेंगाळावे, परतताना घाई असावी.”

यंदा श्रावणात ती एकाएकी आजारी पडली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन मुलाला बोलावून घ्या म्हणून सांगितले. त्याला तिकीट मिळाले ते आखातात पाच तास मुक्काम असलेले. रात्रभर ती ग्लानीतून जागी होई आणि विचारी, “कुठवर आला?”

आखातातल्या बाकावर बसलाय, हे मला सांगवेना. मी म्हणे, “आइसलंड मागे पडले.” थोड्या वेळाने, “फिनलंड आले बघ.” पहाटे त्याला व्होल्गेवर आणून सोडले. उभ्या आयुष्यात भूगोल खोटा सांगितला तो त्या एका रात्री.

सव्वानऊला मुलगा बॅगेसकट खोलीत शिरला. तिने डोळे उघडले, त्याचा हात धरला.

“व्होल्गा कशी होती रे?”

तो माझ्याकडे पाहू लागला. उशामागून मी मान हलवली.

“रुंद आहे, आई,” तो म्हणाला.