चर्चमधला उंदीर गरीब का?

उपमा हा काही नुसत्या कवींचा दागिना नव्हे. एरवी दंगा करणारे पोर गप्प बसले, की आजी म्हणते, "बघा, कसा गरीब गाईसारखा बसलाय!" शिळी भाकरी चामड्यासारखी लागते, नव्या सुनेचा पायगुण लक्ष्मीसारखा असतो, आणि उसनवारी मारुतीच्या शेपटीसारखी वाढत जाते. बोलणारा ह्या उपमा शोधीत बसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या वापरून त्या तोंडात बसलेल्या असतात. इंग्रजी बोलणाऱ्या लोकांचेही असेच आहे. त्यांच्या काही रूढ उपमांची आज ओळख करून घेऊ.

ह्याची गरज काय, असे कोणी विचारील. आपल्या राज्यातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. पुढे व्याकरणाच्या पुस्तकात मुलांना उपमांची एक लांबलचक यादी भेटते. ती पाढ्यांसारखी पाठ होते, पण अर्थ हाती लागत नाही. माझ्या वर्गात एकदा खेड्यातून आलेल्या एका विद्यार्थ्याने 'दे आर ॲज थिक ॲज थीव्ह्ज' ह्या वाक्याचा अर्थ 'ते चोरांसारखे जाडजूड आहेत' असा सांगितला. वर्ग हसला. पुढे महिनाभर तो मुलगा तोंड उघडीना. आता असे पाहा, त्याने शब्दकोशाबाहेरचे काय सांगितले? 'थिक' म्हणजे जाड, हे खरेच आहे. पण 'थिक' म्हणजे दाटसुद्धा. चोरांना एकमेकांचे गुपित राखावे लागते, म्हणून त्यांचे मेतकूट जमलेले असते. वाक्याचा अर्थ एवढाच, की त्यांची दाट मैत्री आहे. 'दाट मैत्री' हा शब्द त्या मुलाच्या घरात रोज वापरला जात असेल! अर्थ त्याच्याजवळ होता, वाट दाखवणारा तेवढा हवा होता.

प्रथम वाक्याची घडण पाहू. ह्या उपमांत 'ॲज' हा शब्द दोनदा येतो. 'ॲज लाइट ॲज अ फेदर' म्हणजे पिसाइतके हलके. मध्ये गुण येतो आणि शेवटी तो गुण ज्याच्या अंगी आहे ती वस्तू. 'ॲज स्वीट ॲज हनी', मधासारखे गोड. 'ॲज ब्लॅक ॲज कोल', कोळशासारखे काळे. 'ॲज स्लाय ॲज अ फॉक्स', कोल्ह्यासारखा धूर्त. इथे दोन्ही भाषांचे एकमत आहे, म्हणून आरंभ अशा उपमांपासून करावा. मुलांची भीती निम्मी पळते.

खरी गंमत पुढे आहे. प्राणी तोच, पण गुण निराळा, असे पुष्कळदा होते. 'ॲज वाइज ॲज ॲन आउल' म्हणजे घुबडासारखा शहाणा! आपल्याकडे घुबड म्हटले तर माणूस भांडायला उठेल. पण प्राचीन ग्रीक लोकांत घुबड हा अथीना ह्या बुद्धीच्या देवतेचा पक्षी होता, आणि युरोपात ते ज्ञानाचे चिन्ह होऊन बसले. गोगलगायीचेही तसेच. 'ॲज स्लो ॲज अ स्नेल' ह्यात इंग्रजाने तिची मंद चाल पाहिली. आपण तिचे पोटातले पाय पाहिले, आणि वरून गरीब पण आतून बिलंदर अशा माणसाला ते नाव दिले. मासोळीची गोष्ट तर फार बोलकी आहे. पाण्याबाहेर काढलेली मासोळी आपल्या संतांच्या अभंगांत देवासाठी तळमळते. इंग्रजीतला 'लाइक अ फिश आउट ऑफ वॉटर' हा मनुष्य मात्र तळमळत नसतो. तो नवख्या ठिकाणी बावरलेला असतो, इतकेच. शहरातल्या मोठ्या कचेरीत प्रथमच पाऊल टाकणाऱ्या माणसाला ही उपमा शोभते. विरहिणीला ती लावली, तर इंग्रजी वाचकाला हसू येईल.

आता चर्चमधला उंदीर. 'ॲज पुअर ॲज अ चर्च माउस' म्हणजे अठराविश्वे दरिद्री. मुलांना हे कोडे वाटते, कारण आपल्या देवळातला उंदीर चांगला गुटगुटीत असतो. नैवेद्य आहे, खोबरे आहे, समईतले तेल आहे, शिवाय तो गणपतीचे वाहन! चर्चमध्ये मात्र स्वयंपाकघर नसे, धान्याचे कोठार नसे. लोक येत, प्रार्थना करीत, आणि घरी जात. अशा जागी उंदराने खावे काय? एवढे सांगितले, की ही उपमा पुन्हा विसरत नाही.

'ॲज कूल ॲज अ क्युकंबर' हीसुद्धा जपून घ्यायला हवी. काकडीत शंभरात सुमारे ९५ भाग पाणी असते, म्हणून ती उन्हाळ्यात गार लागते. पण 'काकडीसारखा थंड' असे भाषांतर करू नये. मराठीत थंड माणूस म्हणजे सुस्त, कशाचेच सोयरसुतक नसलेला. इंग्रजीत ही स्तुती आहे. घराला आग लागली असता जो न गडबडता बादल्यांची रांग लावतो, तो ह्या उपमेचा धनी.

काही उपमांच्या पोटात दुःख दडलेले आहे. 'ॲज मॅड ॲज अ हॅटर' म्हणजे टोप्या करणाऱ्यासारखा वेडा. लुईस कॅरल ह्यांच्या १८६५ सालच्या ॲलिसच्या गोष्टीत असा एक विक्षिप्त टोपीवाला आहे. परंतु ही उपमा त्याआधीच रूढ होती. युरोपात सशाच्या केसांपासून टोप्यांचा नमदा करताना पाऱ्याचे क्षार वापरीत. बंद खोलीत त्याची वाफ कारागिरांच्या अंगात भिनत असे. हात कापू लागत, बोबडी वळे, स्वभाव चिडका किंवा बुजरा होई. ह्या उपमेचा संबंध पुष्कळजण ह्याच रोगाशी जोडतात. अमेरिकेतल्या टोपीधंद्यात पाऱ्याचा वापर १९४१ साली थांबला. लोकांना ते वेड वाटले, प्रत्यक्षात ती विषबाधा होती. हे मुलांना अवश्य सांगावे.

'ॲज डेड ॲज अ डोडो' म्हणजे कायमचे नाहीसे झालेले. डोडो हा मॉरिशस बेटावरचा सुमारे तीन फूट उंचीचा पक्षी. त्याला उडता येत नसे. १५९८ साली डच खलाशी तेथे उतरले. त्यांच्याबरोबर डुकरे आणि उंदीर आले, त्यांनी अंडी फस्त केली, जंगलही तुटले. १६६२ नंतर तो जिवंत पाहिल्याची भरवशाची नोंद नाही. ह्याच बेटावर पुढे एकोणिसाव्या शतकात आपल्याकडचे मजूर उसाच्या मळ्यांत गेले, आणि त्यांचे मराठी वंशज आजही तेथे नांदत आहेत.

उपमा म्हणजे शास्त्र नव्हे, हेही ध्यानात असू द्या. 'ॲज ब्लाइंड ॲज अ बॅट' असे म्हणतात, पण वटवाघूळ आंधळे नसते. पिकली फळे शोधणारी मोठी वटवाघळे डोळे आणि नाक दोन्ही वापरतात. काही उपमा तर नुसत्या नादावर टिकल्या आहेत. 'फिट' आणि 'फिडल', 'गुड' आणि 'गोल्ड', 'बिझी' आणि 'बी', अशी आद्याक्षरे जुळली आहेत. 'ॲज गुड ॲज गोल्ड' हे विशेषकरून शहाण्यासारखे वागणाऱ्या मुलाला म्हणतात, सोन्याच्या भावाशी त्याचा संबंध नाही.

शिक्षकबंधू-भगिनींनो, यादी पाठ करून घेण्याऐवजी प्रत्येक उपमेला तीन प्रश्न विचारा. इथे कोणता गुण सांगितला आहे? त्या लोकांना तो ह्याच वस्तूत का दिसला? आणि आपल्या गावात हेच कसे म्हणतात? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मुलांनी घरी आजीला, शेतावर गड्याला, बाजारात कासाराला विचारून आणावे. एका आठवड्यात वही भरेल. त्या वहीत इंग्रजी उपमा पाच आणि गावच्या पंचवीस निघाल्या, तरी खंत करू नका. आपल्या बोलीतला शब्द वर्गात मानाने लिहिला गेला, की त्याच मुलाला परका शब्द तोंडात घ्यायला संकोच वाटत नाही.