लॉजचं शटर किती वाजता उघडतं?

कामासाठी गावोगाव फिरणारा सल्लागार येवल्यात मुक्कामाला उतरला की लॉजवाल्याला वायफायचं विचारतो, गरम पाण्याचं विचारतो. पण तो मॅरेथॉन पळणारा असेल तर त्याचा पहिला प्रश्न वेगळा असतो: पहाटे शटर किती वाजता उघडतं? साडेपाचला बाहेर पडायचं आणि किल्लीवाला गाढ झोपलेला, म्हणजे त्या दिवसाचा सराव बुडालाच.

असे लोक आता बरेच दिसतात. कुणी कारखान्याचं ऑडिट करतो, कुणी बँकेत नवी संगणकप्रणाली बसवून देतो, कुणी हातमाग विणकरांच्या गटांना हिशेब आणि विक्री शिकवतो. तीन आठवडे येवला, मग दोन आठवडे अकोला, मध्येच दहा-बारा दिवस हाताला कामच नाही. या धबडग्यात जमणारा खेळ म्हणजे पळणं. त्याला मैदान लागत नाही, जोडीदार लागत नाही, बॅगेत बुटांचा जोड असला की झालं.

निदान वाटतं तरी तसं. मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. स्नायूंत आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन पुष्कळांना तिसाव्या किलोमीटरच्या आसपास अपुरं पडू लागतं आणि पाय शिशाचे होतात. शरीराला चरबी जाळून पळायची सवय लागावी म्हणून आठवड्यातून एकदा दोन-तीन तासांची लांब धाव घ्यावी लागते. दोन-तीन तास न थांबता पळता येईल असा बिनधोक रस्ता परक्या गावात शोधणं, हे यातलं सगळ्यात अवघड काम. जिद्दीचं कौतुक सगळेच करतात. माझ्या मते फिरत्या धावपटूला त्याहून जास्त उपयोगी पडते ती गाव वाचायची नजर.

येवल्यात ही नजर लगेच कामाला लागते. विंचूर चौफुलीवर नाशिक–छत्रपती संभाजीनगर आणि मनमाड–नगर हे दोन मोठे रस्ते एकमेकांना छेदतात. पानेवाडीच्या डेपोतले इंधनाचे टँकर, शिर्डीच्या गाड्या, कांद्याचे ट्रॅक्टर. अंधारात तिथे पळणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. जाणता माणूस पहिल्या संध्याकाळी नुसता चालतो. पालखेड डाव्या कालव्याकडची वाट कशी आहे, कुत्री कुठे अंगावर येतात, हे चहाच्या टपरीवर विचारून घेतो. सकाळी गल्ल्यांतून परतताना घराघरातल्या हातमागांची खटखट कानावर येते. चढाचा सराव हवा असेल तर सुट्टीच्या दिवशी मनमाडच्या वाटेवरचे अंकाई-टंकाई किल्ले आहेतच.

हिवाळा इथे पळायला उत्तम. शेजारच्या निफाडात पारा एक आकडी उतरतो, येवल्यातही पहाटे बोटं बधिर होतात. पण ज्या शर्यतीसाठी हा खटाटोप, ती मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी, समुद्राच्या दमट हवेत. उष्णता अंगवळणी पडायला दहा ते चौदा दिवस लागतात. म्हणून शेवटच्या पंधरवड्यात काही धावा मुद्दाम दुपारच्या उन्हात घ्याव्या लागतात. त्यातच संक्रांत येते. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस येवलेकर गच्चीवर पतंग उडवत असतात. दोरा गुंडाळायला इथे फिरकीपेक्षा आसारीचं प्रस्थ. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली, तरी गळ्याच्या उंचीवर लोंबणारा दोरा पळणाऱ्याला दिसत नाही. ते तीन दिवस सूर्य उगवायच्या आत पळून परतावं.

दोन कामांमधली रिकाम्या दिवसांची फट मात्र फसवी असते. वेळ आहे म्हणून अंतर एकदम वाढवलं जातं आणि नडगी किंवा गुडघा बोलायला लागतो. पर्यटन व्यवसायातले पुण्याचे आशिष कासोदेकर यांनी 28 नोव्हेंबर 2021 ते 26 जानेवारी 2022 या काळात रोज एक अशा 60 मॅरेथॉन पूर्ण केल्या. त्यामागे वर्षानुवर्षांची तयारी होती. दहा मोकळ्या दिवसांत ते अंगी येत नाही.

नाशिक जिल्ह्याच्या मातीत पळणं आहेच. सावरपाड्याच्या कविता राऊतने 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. धावपटू संजीवनी जाधव तर येवल्याला लागून असलेल्या चांदवड तालुक्यातली. पण पहाटे या पाहुण्याला खरी सोबत मिळते ती भरतीच्या पोरांची. महाराष्ट्र पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळावं लागतं, आणि मैदानी चाचणीच्या 50 गुणांपैकी 20 या एका धावेचे. कुणाच्या पायात फाटके बूट, कुणी अनवाणी. त्यांच्यासाठी हा छंद नाही, घरात येणारा पहिला पगार आहे. पाहुण्याच्या मनगटावर महागडं घड्याळ असतं. दोन-तीन दिवसांत त्यातला एखादा पोरगा धीर करून म्हणतो, “काका, आमचा टाइम लावता का?” मग काकांची स्वतःची धाव तिथेच थांबते. ते रेषेवर उभे राहतात, हात वर करतात आणि पोरं सुटतात.