‘लागले’ या क्रियापदाचा कर्ता
पोलादपूरहून महाबळेश्वरकडे चढणाऱ्या आंबेनळी घाटात खडीवर मोटारसायकलसह पडलेला साठीचा गृहस्थ महाडच्या डॉक्टरांस बहुधा एवढेच सांगेल : ‘गाडी घसरली, मला लागले.’ वाळवंटातील टेकड्यांवर पडलेला मराठी भाषकही ‘चाक रुतले’ असेच म्हणेल. घसरणे, रुतणे ही क्रियापदे अकर्मक. ‘मला लागले’ यात तर सोसणारा चतुर्थीत जातो आणि प्रथमान्त कर्ता उरतच नाही. ‘मी गाडी घसरवली’ हे वाक्य व्याकरणशुद्ध खरे, पण त्यातून हेतू सूचित होतो. म्हणून ते टाळले जाते. (यात लबाडी शोधणे उतावळेपणाचे.) मात्र वेग, ब्रेक, क्वचित आधी आलेली भोवळ वाक्याबाहेर राहते. उतारवयात भोवळीचे कारण शोधणे अगत्याचे असल्याने ‘पडण्यापूर्वी काय वाटत होते?’ असे डॉक्टरांस वेगळे विचारावे लागते.