नाव जाहीर, मत गुपित

बीड जिल्ह्याच्या पाटोद्यातल्या कुठल्याही मतदान केंद्रात शिरा. पहिल्याच टेबलावर तुमचं नाव मोठ्यानं पुकारलं जातं, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणून. तिथून चार पावलं पुढे गेलात की तुम्ही असं काही करता, जे कुणालाही कळता कामा नये. एकाच खोलीत, दोन-तीन मिनिटांत! लोकशाहीतलं एक महाकठीण कोडं या चार पावलांत सुटलेलं असतं.

कोडं असं: मत द्यायला तुम्हीच आलात आणि एकदाच आलात, याची खात्री हवी. म्हणजे तुमची नोंद पक्की पाहिजे. पण मत कुणाला दिलंत, याची नोंद तुमच्या नावाशी कुठेच जोडलेली नको. लक्षात ठेवायचं आणि त्याच दमात विसरायचं. हे जमवायचं कसं?

१९५१-५२ मध्ये देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. देशातल्या बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हतं. तेव्हाची युक्ती बघा: प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. मतपत्रिकेवर ना काही लिहायचं, ना शिक्का मारायचा. आडोशाला जाऊन हव्या त्या चिन्हाच्या पेटीत ती टाकायची, झालं मतदान! अक्षर न गिरवता सरकार निवडता येतं, हे तेव्हाच सिद्ध झालं.

आज विधानसभेसाठी पाटोदा तालुका आष्टी मतदारसंघात आहे, आष्टी आणि शिरूर कासार यांच्या जोडीनं. पहिली पायरी मतदार यादीची. खिशात ओळखपत्र आहे पण यादीत नाव नाही, तर मत नाही. वयाची १८ वर्षं पूर्ण झाली की नमुना ६ भरायचा. त्यासाठी आता वर्षातून चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. पत्ता बदलला किंवा नाव चुकलं तर नमुना ८. आणि उलटंही खरं: यादीत नाव असेल, तर मतदार ओळखपत्र सापडत नाही म्हणून घरी बसू नका. आधार कार्ड चालतं, रोजगार हमीचं जॉब कार्डसुद्धा चालतं.

आता केंद्रात. तुमचं नाव कशासाठी पुकारतात? तिथे बसलेले उमेदवारांचे पोलिंग एजंट बहुधा त्याच भागातले असतात. माणूस तोच का, हे ते ओळखतात. शंका आली तर दोन रुपये भरून हरकत घेता येते. आणि तुमच्या आधी कुणी तुमच्या नावावर मत देऊन गेलं असेल तर? तरी परत फिरू नका. तुम्ही कोण हे पटवून दिलंत, की तुम्हाला कागदी मतपत्रिका मिळते आणि ती वेगळ्या पाकिटात जपली जाते.

दुसऱ्या टेबलावर नोंदवहीत सही किंवा अंगठा आणि डाव्या तर्जनीवर शाई. ही शाई म्हैसूरच्या कारखान्यात बनते. तिच्यातलं सिल्व्हर नायट्रेट कातडीवरच्या क्षाराशी मिळतं, उजेडात काळं पडतं, आणि मग साबण हात टेकतो. नख वाढेपर्यंत खूण बोटावरच. तुम्ही मत दिलंत, हे ती गावभर सांगते. कुणाला, हे तिलाही ठाऊक नसतं.

इथवर यंत्रणा तुम्हाला ओळखत होती. विसरणं पुढे सुरू होतं. तिसरा अधिकारी कंट्रोल युनिटचं बटण दाबतो आणि आडोशामागचं मतदान यंत्र एका मतापुरतं खुलं होतं. तुम्ही निळं बटण दाबता. लाल दिवा लागतो, लांब बीप वाजते, आणि शेजारच्या व्हीव्हीपॅट या चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेआड चिठ्ठी दिसते: उमेदवाराचा क्रमांक, नाव, चिन्ह. सात सेकंद! मग चिठ्ठी पेटीत पडते. तिच्यावर तुमचं नाव नसतं. नोंदवहीत तुमचं नाव असतं, पण उमेदवाराचं नसतं.

संध्याकाळी वहीतले मतदार आणि यंत्रातली मतं यांचा मेळ घालतात. बेरीज जुळते, जोडी जुळवता येत नाही! खळ्यावरच्या ज्वारीच्या राशीसारखं हे आहे. किती पायल्या पडल्या ते मोजता येतं, पण कुठला दाणा कुणाच्या ताटाचा, हे कोण सांगणार? केंद्राचा एकूण आकडा जाहीर होतो, एका माणसाचं मत होत नाही.

यंत्रावर विश्वास का ठेवायचा? सकाळी मतदानाआधी एजंटांसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान होतं. आकडे चिठ्ठ्यांशी ताडून पुसतात, मगच यंत्र सील होतं. मतमोजणीत प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या हातानं मोजतात. यंत्रासारखीच काळजी रांगेचीही: वेळ संपताना रांगेत उभ्या असलेल्यांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतात त्या शेपटाकडून! त्यामुळे मागून कुणी घुसू शकत नाही आणि रांगेतला एकही मतदार सुटत नाही.

पण रांगेपर्यंत पोचताच आलं नाही तर? दिवाळीच्या आसपास पाटोद्यातले कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांची जोडपी, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. २० नोव्हेंबर २०२४ चं विधानसभेचं मतदान नेमकं त्याच दिवसांत आलं. सीमेवरच्या जवानाला टपाली मत देता येतं. उसाच्या फडातल्या जोडप्याला मतासाठी गावीच यावं लागतं, मजुरी बुडवून, भाडं खर्चून. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगानं अशा स्थलांतरितांसाठी एका यंत्राचा नमुना जाहीर केला. एकाच केंद्रातून तब्बल ७२ मतदारसंघांची मतं घेऊ शकणारं यंत्र! ते अजून वापरात आलेलं नाही.

नाव पक्कं ठेवून मत विसरण्याचं अवघड काम या देशानं साधलं आहे. त्यापुढे आष्टी मतदारसंघाची मतपत्रिका कोल्हापूरच्या फडाजवळ नेणं किती अवघड असणार? ते होईल तेव्हा होईल. तोवर कोयता बांधून निघण्याआधी यादीत नाव तपासा आणि मतदानाच्या तारखेचा विषय टोळीच्या मुकादमाशी आगाऊ उचल घेतानाच पक्का करा.