मंगळवेढ्याचा आवाज

आमच्या अर्धापुरात केळीची गाडी भरायला सुरुवात झाली की आधी टेप लागायचा. माल उन्हाआधी निघाला पाहिजे, म्हणून पहाटे अंधारातच घड बागेबाहेर यायचे आणि कॅबिनमधून प्रल्हाद शिंदे पंढरीची वाट गात असायचे. नांदेड-हिंगोली रस्त्याच्या कडेला मी लहानाचा मोठा झालो तो या आवाजात.

यंदा पुतणीने विचारलं, "काका, तुमच्या वेळी असा कोणी गायक होता का, ज्याच्यापायी लोक वेडे व्हायचे?" तिच्या भिंतीवर बीटीएसची सात पोरं आहेत. त्यांची गाणी तिला कोरियन न येता पाठ आहेत. मी तिला प्रल्हाद शिंदेंचं नाव सांगितलं आणि मग तिच्या गायकांचं मूळ शोधत बसलो.

कोरियात गायक घडवायची एक पद्धत आहे. बोआ ही गायिका घ्या. कंपनीने तिला लहानपणीच हेरलं, दोन वर्षं गाणं, नाच आणि जपानी भाषा शिकवली आणि ऑगस्ट 2000मध्ये, वयाच्या तेराव्या वर्षी, लोकांपुढे उभं केलं. 2002 साली तिचा जपानी अल्बम तिथल्या विक्रीच्या यादीत पहिला आला. गळा कसा लागावा, पाऊल कसं पडावं, केस कसे असावेत, सगळं कंपनीने बसवलेलं.

प्रल्हाद शिंदेंना अशी कंपनी कुठली? 1933 साली मंगळवेढ्यात त्यांचा जन्म झाला. गाणं भजन-कीर्तनातून आलं, पुढे कव्वालीने आणखी धार आली. कव्वालीत गायकाला समोरच्या गर्दीला पहिल्याच तानेत धरावं लागतं, नाहीतर लोक उठून जातात. पट्टी उंच, गळा मोकळा, शब्द इतका स्वच्छ की कर्ण्याच्या खरखरीतूनही शेवटच्या माणसाला कळावा. हे मी गायकीचं तंत्रच मानतो. 'रांगडा आवाज' म्हणून ज्यांनी तो बाजूला ठेवला, त्यांनी तो नीट ऐकला नाही.

मंगळवेढ्यापाशी थांबायलाच हवं. संत चोखोबा याच गावचे. गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून ते गेले. त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ आहे, देवळाच्या बाहेर. मे 1947मध्ये साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केलं, तेव्हा ते दार अस्पृश्यांना उघडलं. प्रल्हाद तेव्हा चौदा वर्षांचा मुलगा होता. पुढे 1956 साली नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा तेविशीतला तरुण.

या गळ्याने मग विठ्ठल गायला, सत्यनारायणाची कथा गायली, अंबाबाईचा उदो केला आणि भीमगीतंही तितक्याच ताकदीने गायली. ज्या घरांनी चोखोबाला उंबऱ्याबाहेर ठेवलं असतं, त्या घरांतली पूजा चोखोबाच्या गावच्या या आवाजावाचून सुरू होईना. भीमजयंतीला आमच्या वस्तीत कर्ण्यावरून हाच आवाज यायचा, आणि आषाढीला हाच. ऐकणाऱ्यांना त्यात विसंगती दिसली नाही. मलाही दिसत नाही.

कोरियात प्रल्हाद शिंदेंच्या जवळची कोणी असेल, तर ती आजच्या पोरांत नाही, ली मी-जा या गायिकेत आहे. 1964 साली तिचं कॅमेलिया फुलावरचं गाणं आलं आणि लोकांनी ते उचलून धरलं. सरकारने मात्र 'यात जपानी वळण आहे' म्हणून त्यावर बंदी घातली. बंदी उठली 1987 साली. गाणं ज्या प्रकारचं होतं त्याला तिथे ट्रॉट म्हणतात. बोटीवरून, बाजारातून, ट्रकमधून ऐकलं जाणारं कष्टकऱ्यांचं गाणं. शिष्ट लोक त्याला नाकं मुरडत. ली मी-जा गातच राहिली.

आपल्याकडे गाणं घरात राहिलं. प्रल्हाद शिंदे 23 जून 2004 रोजी गेले. तोवर आनंद आणि मिलिंद या मुलांचं नाव झालं होतं. आनंद शिंदेंचं पोपटाचं गाणं कॅसेटच्या काळात वरातीवरातीत वाजलं, पुढे 'जत्रा'तल्या कोंबडीच्या गाण्याने शहरातली पोरंही नाचली. तिसऱ्या पिढीतल्या आदर्शने 2013 साली 'दुनियादारी'त 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' गायलं. ते ऐकताना मला आजोबांची फेक ऐकू येते, सूर वर नेऊन तिथे क्षणभर उभं राहणं. किराणा, जयपूर यांना आपण घराणी म्हणतो. शिंद्यांचंही घराणंच आहे, आणि संगीताच्या इतिहासात त्याचा पाठ असायला हवा.

टेप गेले. आता मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून देतात. परवा पुतणीला घेऊन गेलो. दुकानदाराने माझ्यासाठी दोन फोल्डर उघडले, एकावर 'विठ्ठल', दुसऱ्यावर 'जयंती'. दोन्हींत प्रल्हाद शिंदे. पुतणीने एक इयरफोन माझ्या कानात घातला, एक स्वतःच्या, आणि 'जयंती'तलं पहिलं गाणं लावलं.